लाल रेघेच्या वर

"अण्णा, ही लाल रेघ. पाणी रेघेपर्यंत. रेघेच्या वर एक थेंबसुद्धा नाही."

सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीवर माझ्या लेकीने, उर्मिलाने, नेलपॉलिशने रेघ मारली होती. ती पिचकारी तिने माझ्या हातात दिली तेव्हा रिक्षा दारात उभी होती आणि रिक्षावाल्याचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता.

"आणि घालायचं कुठं?" तिने माझी परीक्षा घेतली.

"या भोकात."

"कुठल्या?"

"डाव्या. अगं, मी काय बालवाडीत आहे का? तीस वर्षं लोकांच्या घरांना पाणी मारतोय मी."

"म्हणून तर दोनदा सांगतेय," ती म्हणाली. "चिठ्ठी लिहून चिकटवलीय कपाटाला. वाचा मात्र."

ती पाया पडली, पिशवी उचलली आणि गेली. दहा दिवसांसाठी, बंगळूरला. मी पिचकारी हातात धरून दारात उभा राहिलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय हो पाथरवट, डॉक्टर कधी झालात?"

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा आमच्या कराडच्या घरात मधल्या खोलीच्या टेबलावर मुंग्यांचं घर होतं. मुंग्या म्हणजे मोठे काळे मुंगळे. उर्मिलाला गच्चीवर पंख गळालेली एकटी राणी सापडली होती. काचेच्या नळीत, ओल्या कापसाच्या बोळ्याशी तिने ती सांभाळली. राणीने अंडी घातली, पोरं वाढली, आणि मग उर्मिलाने माझ्याच साइटवरून एक पांढरा हलका ब्लॉक उचलून आणला. विटेऐवजी वापरायचे हे ब्लॉक तेव्हा आमच्याकडे नुकते यायला लागले होते. इतके हलके की हौदात टाकले तर तरंगतात. त्याच्यात तिने माझ्याच छन्नीने खोल्या कोरल्या, वर काच बसवली, काचेवर लाल कापड टाकलं. डाव्या टोकाला पाण्याचं भोक. तिथून ब्लॉक जेमतेम अर्ध्यापर्यंत ओला व्हायचा, उजवा अर्धा कोरडाच राहायचा. चिठ्ठीत लिहिलं होतं: "एक बाजू ओली, एक कोरडी. अंडी त्या ओल्याकडे नेतात, कोश कोरड्याकडे. राणी तिला हवं तिकडे बसते. त्यांचं त्या ठरवतात. आपण फक्त दोन्ही बाजू शिल्लक ठेवायच्या."

दोन वर्षांत एका राणीच्या दीडशे मुंग्या झाल्या होत्या. उर्मिला रोज एका वहीत लिहायची. तारीख, तापमान, ओल कुठपर्यंत, किती जन्मल्या, किती मेल्या, आणि शेवटचा रकाना कारणाचा. एक मुंगी मेली तरी कारण. मी चेष्टा करायचो, "आपल्या आळीत माणसं मेली तर कुणी एवढी चौकशी करत नाही."

याच वहीने घात केला. बंगळूरच्या एका संस्थेतल्या बाईंनी तिची काही पानं वाचली आणि तिला बोलावून घेतलं. दहा दिवस राहा, काम बघ, जमलं तर जूनपासून दोन वर्षं इथे. अट एकच होती. वही आणि वारूळ दोन्ही घेऊन यायचं. वारूळच संपलं तर त्या वहीचा काही उपयोग नव्हता. मग जागाही दुसऱ्या कुणाला.

हा अर्ज तिने मला न विचारता केला होता. मीही गप्प बसलो नव्हतो. इस्लामपूरचं एक चांगलं स्थळ होतं, त्या मंडळींना मी तिला न विचारता रविवारी चार वाजता बोलावून ठेवलं होतं. ती त्याच रविवारी सकाळी परत यायची होती. आमची शालन, म्हणजे उर्मिलाची आई, भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिला हे कळलं असतं तर तिने मला उभा चिरला असता. म्हणून तिलाही सांगितलं नव्हतं.

असा घरात मी एकटा, आणि दीडशे मुंग्या.

पहिले तीन दिवस मी रेघ पाळली. सकाळी चहाच्या आधी पिचकारी भरायची, डोळ्यासमोर धरून रेघ बघायची, डाव्या भोकात सोडायची. पण एकट्या घरात माझा पाय काही ठरत नव्हता. साइटवर जायचो आणि दुपारीच परत यायचो. जेवायला बसायचो आणि घास तोंडात असताना उठून मधल्या खोलीत डोकावायचो. लाल कापड उचलून बघायचं, पुन्हा टाकायचं, पुन्हा उचलायचं. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं.

रविवारी दुपारी इस्लामपूरहून फोन आला. "येतोय बरं का पुढच्या रविवारी. मुलीला कल्पना दिलीय ना?" मी म्हणालो, "त्याची काळजी सोडा."

संध्याकाळी उर्मिलाचा फोन आला. ती इतकं भरभर बोलत होती की मला मध्ये तोंड घालायला जागाच नव्हती. इथं एका खोलीत चाळीस वारुळं आहेत. बाईंनी माझी वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. जेवायला भात बरा असतो, पण भाकरी नाही. मग एकदम थांबून म्हणाली, "अण्णा, मला इथंच राहायचंय."

"हं," मी म्हणालो.

"मुंग्या कशायत?"

"आहेत."

फोन ठेवल्यावर मी घरभर फिरलो. पंखा लावला, बंद केला. अंगणातल्या कुंड्यांना पाणी घातलं, ते सकाळीच घातलेलं होतं. झोप लागली नाही असं नाही, पण ती तुकड्या-तुकड्यांत लागली.

सोमवारी सकाळी मी लाल कापड उचललं तर सगळ्या मुंग्या डाव्या टोकाला दाटीवाटीने बसलेल्या. उजवीकडचा ब्लॉक पांढराफटक, बोट लावलं तर भुकटी निघेल असा. आता आम्हा गवंड्यांना कोरडं बांधकाम बघवत नाही. नव्या कामाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं नाही तर सिमेंट मरतं, भिंत चिरफाळते. बापाने मला पहिलं काम शिकवलं ते हेच. मनात म्हटलं, बिचाऱ्या तहानेने मरतायत. मी पिचकारी बाजूला ठेवली, तांब्या भरून आणला आणि अख्ख्या ब्लॉकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी ओतलं. वर आणखी गोणपाट ओलं करून त्याला गुंडाळलं, स्लॅबच्या कडेला गुंडाळतो तसं. मग चहा प्यालो. हात आपोआप गेला, असंच मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मंगळवारी सकाळी काचेला आतून घाम आला होता.

काही दिसेना. कापडाने बाहेरून पुसली, पण पाणी आत होतं. गोणपाट ओढून फेकलं. काचेवर कान लावला, जणू काही ऐकू येणार होतं. मग ऊन त्या बाजूने आलं, वाफ जराशी विरली आणि मला दिसलं. खोल्यांच्या तळाशी पाणी साचलेलं. मुंग्या उजव्या टोकाला पळालेल्या, पण उजवं टोकही ओलंच. पांढरे कोश तोंडात धरून त्या काचेला खालून चिकटल्या होत्या. जी ती कोरडी जागा शोधत होती आणि कोरडी जागा मी कुठे ठेवलीच नव्हती. सात-आठ जणी तळाच्या पाण्यात निपचित पडलेल्या. राणी एका कोपऱ्यात, पाय पोटाशी घेऊन बसलेली.

मी पंखा लावला. टेबल उन्हात ओढलं, तर काच तापली आणि त्या आणखीच सैरावैरा धावायला लागल्या. पुन्हा सावलीत ओढलं. एवढी तीस वर्षं गेली, पण ओला ब्लॉक तासाभरात कोरडा कसा करायचा हे मला माहीत नव्हतं, कारण तसं कधी कुणाला हवंच नसतं.

दहाच्या सुमाराला दारात हाक आली. "मालक, आज साइटवर आला न्हाईसा? पाइप कुलपात हाय. किल्ली द्या."

कोंडाबाई. माझ्याकडे पाणी मारायचं काम करणारी. वीस वर्षांत माझ्या बांधलेल्या प्रत्येक भिंतीला तिच्या हातचं पाणी लागलेलं. मला शोधत ती सरळ आतच आली आणि टेबलापाशी थबकली.

"आगं बया! ह्यो तर आपला पांढरा धोंडा. आन आत मुंगळं?"

"उर्मिलाचे आहेत."

तिने वाकून बघितलं. बोटाने ब्लॉक दाबून बघितला. "ह्याला पानी कुनी मारलं?"

"मी."

"तुमी?" ती सरळ उभी राहिली. "गेल्या म्हयन्यात ह्याच धोंड्यावर म्या पाइप धरला, तवा केवढं वरडला हुता माज्या अंगावर. कोंडाबाई, ह्यो ब्लॉक पानी पितो आन आठ-आठ दिस सोडत न्हाई, ह्याला भिजवायचा न्हाई म्हनून. समद्या बायांच्या म्होरं वरडला हुता."

मी किल्ली शोधायला लागलो. किल्ली खिशातच होती.

"इसरला व्हय?" तिने विचारलं.

"विसरलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. पाणी मारून झाल्यावर भिंतीकडे बघते तसं, कुठे कोरडं राहिलंय का ते. मग किल्ली घेतली आणि जाता जाता म्हणाली, "पोरगी कवा येनार?"

"रविवारी."

"मंग हात बांदून बसू नगा. घर बुडालं तर मान्सं काय करत्यात? दुसरीकडं जात्यात. तुमी घरं बांदता न्हवं?"

ती गेली आणि मी उठलो. साइटवर जाऊन कोरडा ठणठणीत ब्लॉक आणला. छन्नी काढली. आमचा आजा जाती-पाटे घडवायचा, बापाने विटा हातात घेतल्या, मी तर पुढे नुसता माणसांवर ओरडायचंच काम करत आलो. कितीतरी वर्षांत छन्नी हातात धरली नव्हती. ब्लॉक मऊ होता, पण घाई केली की खोलीची भिंत तुटायची. पहिला फुटला. दुसरा आणला. जुन्या घरात डोकावून डोकावून तिच्या खोल्यांची लांबी-रुंदी घेतली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पोरीने काम किती नीट केलंय. एकही कोपरा ओबडधोबड नाही. डाव्या टोकाला पाण्याचं भोक, आणि पाणी कोरड्या अर्ध्यात झिरपू नये म्हणून मध्ये आडवी खाच. तिच्या घरात ती खाच होती, आणि मी ती तांब्याने बुडवली होती.

काच कुठून आणायची? बाजारात जाऊन यायचाही धीर नव्हता. भिंतीवर माझा फोटो होता, बांधकामवाल्यांच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला होता तो, शाल-नारळासकट. फ्रेम उलटी केली, खिळे उपसले, काच काढली. माप जवळपास जुळलं.

उरलं ते दोन घरं जोडणं. मुंग्यांना हाताने उचलून टाकायचं नाही, त्या आपल्या पायाने गेल्या पाहिजेत, हे उर्मिलाने कधीतरी सांगितलं होतं. नळी हवी होती, आरपार दिसणारी. माझ्याकडे तशी एकच होती. माझी लेव्हल पाइप. पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची ती पारदर्शक नळी. बापाने दिलेली, आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत अशी. ती मी वीतभर कापली. आतलं पाणी झटकून, फडक्याचा बोळा तारेने ओढून कोरडीठाक केली आणि दोन्ही घरांत बसवली. नव्या घरावर लाल कापड, जुनं उघडं ठेवून त्यावर दिवा. त्यांना अंधार आवडतो.

आणि मग वाट बघणं. हे मात्र मला कधीच जमलेलं नाही. बुधवारी दिवसभर एकही मुंगी नळीत शिरली नाही. मी खुर्ची ओढायचो, बसायचो, उठायचो. वाटलं नळी हलवावी. वाटलं फुंकर मारावी. स्वतःचेच हात काखेत दाबून बसलो. संध्याकाळी उर्मिलाचा फोन.

"मुंग्या?"

"ठीक."

"काचेवर वाफ नाही ना धरत? उन्हाळ्यात धरते."

"नाही."

"अण्णा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"उन्हाचा," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी एक मुंगी नळीत आली. अर्ध्यापर्यंत आली आणि परत गेली. पुन्हा आली. पलीकडे शिरली, लाल कापडाखाली दिसेनाशी झाली. ती परतली आणि तिने दुसरीच्या मिशांना मिशा लावल्या. दुपारपर्यंत माझ्या बापाच्या लेव्हल पाइपमधून कोश तोंडात धरलेल्या मुंग्यांची रांग लागली होती. मी एकटाच मोठ्याने म्हणालो, "चला, चला." पण राणी जागची हलेना. ती होती तिथेच, ओल्या कोपऱ्यात.

तेवढ्यात इस्लामपूरचा फोन. "मग रविवारी चार नक्की ना? आमच्या मोठ्या बहिणीलापण आणतोय."

मी नळीकडे बघत होतो. मुंग्या मेल्या तर उर्मिला घरी राहील, थकून हो म्हणेल, साडीच्या पदराआड मान खाली घालून बसेल. हेच तर मला हवं होतं. सोमवारी सकाळी तांब्या भरताना हेच हवं होतं. आणि आता ती हो म्हणेल की काय, याचीच मला धास्ती वाटत होती.

"रविवारी येऊ नका," मी म्हणालो.

"का हो? मुलीची तब्येत?"

"मुलगी बरी आहे. तिला विचारलंच नव्हतं मी. चूक माझी आहे."

पलीकडून दोन-चार शब्द ऐकावे लागले. ऐकले.

राणी शुक्रवारी दुपारी निघाली. चार-पाच जणी तिला पुढून ओढत होत्या, मागून ढकलत होत्या. नळीच्या तोंडाशी तिचं पोट अडकलं. माझा हात पुढे गेला आणि मी तो दुसऱ्या हाताने धरला. ती तशीच थांबली, वळली, पुन्हा आली, अंग चोरून आत शिरली आणि वीतभर नळी चालून गेली. मी टेबलाखाली बसलो आणि रडलो. त्यात लाजायचं काय?

रविवारी सकाळी स्टँडवर उर्मिला बसमधून उतरली ती हसतच. निवड झाली होती. मी ठरवलं होतं की घरी गेल्यावर, चहा झाल्यावर सांगायचं. पण तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि मी तिथेच, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, सगळं सांगून टाकलं. तांब्या, गोणपाट, वाफ.

"पण चिठ्ठी लिहिली होती ना मी," ती म्हणाली. "वाचली नाहीत?"

"वाचली होती."

"मग?"

"त्या ब्लॉकला पाणी चालत नाही हेही माहीत होतं. कोंडाबाईला मीच रागावलो होतो त्यावरून. उर्मिला, मी विसरलो नव्हतो. तू जाऊ नयेस म्हणून केलं. इस्लामपूरच्या लोकांना आज बोलावलंही होतं. त्यांना नाही म्हणून कळवलंय, पण बोलावलं होतं."

तिचं तोंड उतरलं. तिने माझ्याकडून पिशवी परत घेतली. रिक्षात ती बाहेर बघत बसली. मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी चप्पल काढायचं भान नव्हतं तिला. सरळ मधल्या खोलीत गेली, लाल कापड उचललं आणि बराच वेळ वाकून राहिली. अंडी डावीकडे, ओल्यात. कोश उजवीकडे, कोरड्यात. राणी मधोमध.

"किती गेल्या?"

"एकोणीस. मी मोजल्यात. काडेपेटीत ठेवल्यात तुला बघायला."

तिने काडेपेटी उघडून बघितली. मग वही घेतली, तारखा घातल्या आणि लिहायला लागली. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "कारण काय लिहू, अण्णा?"

"जे सांगितलं तेच लिही. बापाने जाणूनबुजून केलं."

तिने माझ्याकडे बघितलं, वही थोडी स्वतःकडे वळवून घेतली, आणि मी चहा टाकायला गेलो.

जूनमध्ये ती गेली. माझा ब्लॉक मांडीवर घेऊन, खिडकीच्या सीटवर. राणी पुढे सात वर्षं जगली. उर्मिला त्याच संस्थेत आता स्वतः पोरापोरींना शिकवते.

मागच्या दिवाळीत मी आणि शालन तिच्याकडे गेलो होतो. तिच्या कपाटात ती पहिली वही होती. ती स्वयंपाकघरात असताना मी काढली. चष्मा पुसून ते पान शोधलं. सगळं होतं: ओल सर्वत्र, तळाशी पाणी, मृत एकोणीस. खाली लिहिलं होतं, नवीन घर अण्णांनी कोरलं, खाच माझ्यापेक्षा सरळ. कारणाचा रकाना रिकामा होता. पुढची-मागची सगळी पानं चाळली. अख्ख्या वहीत तेवढाच एक.

ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"हा रिकामा कसा?" मी विचारलं. "तुझ्या बाईंनी विचारलं नाही?"

"विचारलं की. निवड जायची वेळ आली होती त्यावरून."

"मग काय सांगितलंस?"

तिने वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि जागेवर ठेवली.

"घरचं कारण आहे म्हटलं," ती म्हणाली. "चला, भाकऱ्या गार होतायत."